सातवी 'ब', मधल्या सुट्टीनंतरचा गणिताचा तास: वर्ग आवरायचा कसा?

नवी_बाई_भांडुप

नमस्कार. जूनपासून भांडुपमधल्या एका खासगी अनुदानित मराठी शाळेत शिक्षण सेवक म्हणून, म्हणजे कायम होण्याआधीची तीन वर्षं मानधनावर, लागले आहे. सातवी 'ब'ची वर्गशिक्षिका आहे आणि सहावी-सातवीला गणित शिकवते. शाळा दुपारच्या अधिवेशनाची. पाठाचं टाचण रोजच्या रोज होतं, गणित मला मनापासून आवडतं, त्यामुळे विषयाची चिंता नाही. चिंता आहे ती मधल्या सुट्टीनंतरच्या तासाची. ज्यांनी वर्षानुवर्षं वर्ग सांभाळलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

पटावर 58 मुलं, एका बाकावर तिघं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक म्हटलं आहे, पण तो हिशेब अख्ख्या शाळेचा धरतात. खिडक्या एल.बी.एस. रोडच्या बाजूला, त्यामुळे बस, रिक्षा आणि मेट्रोच्या कामाचा आवाज दिवसभर. पंखे लावले की शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज पोचत नाही, बंद केले तर मुलं घामाने हैराण.

तास असा सुरू होतो. घंटा झाल्यावर मी जिना चढून येते तेव्हा निम्मा वर्ग दारातच असतो. 'एक साथ नमस्ते' होतं आणि खाली बसता बसताच सुरू. "बाई, याने माझी बाटली घेतली." "बाई, पाणी पिऊन येऊ?" एकाला सोडलं की लगेच सहा हात वर. तारीख, विषय, घटक लिहायला फळ्याकडे वळले की मागे कंपासपेट्या वाजायला लागतात. परवा पूर्णांकांचा गुणाकार घेत होते. ऋण तीन गुणिले ऋण चार केल्यावर धन बारा का येतात, हे मला मुलांना नीट पटवून द्यायचं होतं, नुसता नियम पाठ करून घ्यायचा नव्हता. पहिल्या दोन रांगांपर्यंत पोचलं. मागे कुणीतरी बाकाखाली पाय आपटले, मग त्या बाजूची सगळीच मुलं आपटायला लागली. "शांत बसा" म्हणून म्हणून आठवडा संपेपर्यंत घसा पार बसलेला असतो.

त्यात एक मुलगा आहे, खिडकीजवळचा शेवटचा बाक. तोंडी हिशेबात सगळ्यांच्या पुढे. पण काही सांगितलं की उलटून बोलतो आणि वर्ग खो-खो हसतो. वही काढ म्हटलं तर म्हणाला, "काढून काय होणार आहे, बाई?" उरलेले 57 चेहरे माझ्याकडे, आता बाई काय करतात ते बघायला.

मुख्याध्यापकांनी राऊंडवर असताना सांगितलं की तुमचा वर्ग खाली ऑफिसात ऐकू येतो. स्टाफरूममध्ये दोन सल्ले मिळाले: लाकडी पट्टी टेबलावर ठेवा, आणि दिवाळीपर्यंत मुलांसमोर हसू नका. पट्टी मी उचलणार नाही, हे पक्कं आहे. आणि चेहरा पाडून गणित शिकवायला मी या पेशात आलेले नाही. मग दुसरा मार्ग कोणता? पहिली काही मिनिटं कशी घालवू? तो मुलगा सगळ्यांसमोर उलट बोलला तर त्या क्षणी काय करायचं? आणि पालकांना केव्हा बोलवायचं?

---

खडू_डस्टर

मॅडम, मी गोवंडीला महापालिकेच्या शाळेत सातवीलाच आहे. तुमचा मधल्या सुट्टीनंतरचा तास अगदी डोळ्यांसमोर आला.

दोनच गोष्टी सांगतो, उद्यापासून करता येतील अशा. पहिली म्हणजे घंटेच्या आधी वर्गात पोचा आणि दारात उभे राहा. मुलं तुमच्या समोरून एकेक करून आत गेली पाहिजेत. दारात 'काय रे, गुडघ्याला काय लागलं?' एवढं विचारलं तरी ते पोर आत जाऊन धिंगाणा घालत नाही. फळ्यावर तीन उदाहरणं आधीच लिहिलेली हवीत. तारीख, विषय, घटक हे मॉनिटरचं काम. तुमची पाठ वर्गाकडे जितकी कमी तितकं बरं.

दुसरी पाण्याची. आमच्याकडे दाराच्या खिळ्याला दोन पुठ्ठे अडकवलेत, एक मुलींचा, एक मुलांचा. पुठ्ठा जागेवर असेल तर घेऊन गुपचूप जायचं, नसेल तर थांबायचं. बाईंना किंवा सरांना विचारायचंच नाही. सुरुवातीला सगळ्यांनाच तहान लागते, नंतर आपोआप कमी होतं. 'जाऊ का, जाऊ का' यात माझा अर्धा तास जायचा, तो वाचला.

---

गिरणगावच्या_बाई

बाई, पट्टीबद्दलचं तुमचं वाक्य वाचून फार बरं वाटलं. आता निवृत्त आहे, वेळ आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

मी 1984 मध्ये लालबागच्या एका शाळेत लागले. गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला होता आणि त्याचे परिणाम आमच्या वर्गात रोज दिसत होते. वडील घरी बसलेले, आई चार घरचे डबे करून देणारी, मुलगा पहाटे पेपर टाकून शाळेत येणारा. पट साठीच्या पुढे. त्या वर्गांत मला एक गोष्ट कळली, ती अशी की बाहेरून सारखाच ऐकू आला तरी वर्गातला गोंगाट एका कारणाचा नसतो. कारण ओळखल्याशिवाय 'शांत बसा' म्हणून काहीच होत नाही.

बाटली, पाणी, कंपासपेटी हा हाताला काम नसल्याचा गोंगाट. खडू_डस्टर यांनी त्यावर सांगितलंच आहे. त्यात एवढीच भर घालते की फळ्यावरची ती तीन उदाहरणं गेल्या वर्षीची हवीत, वर्गातल्या सगळ्यात कच्च्या मुलालाही जमतील अशी. मधल्या सुट्टीनंतर लगेच नवीन काही शिकवू नका. मुलं लिहितील, तुम्ही बाकांमधून फिरा, लाल पेनाने बरोबरची खूण करत जा आणि तेवढा वेळ तोंड बंद ठेवा. घशालाही विश्रांती. जेकब कूनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वर्गांच्या चित्रफिती तपासून 1970 मध्ये जे मांडलं ते मला पुढे प्रशिक्षणात वाचायला मिळालं आणि अगदी पटलं. गोंधळ झाल्यावर शिक्षक काय करतात, यात नीट चालणाऱ्या आणि विस्कटणाऱ्या वर्गांमध्ये फारसा फरक त्यांना सापडला नाही. फरक होता तो गोंधळ होण्याआधी शिक्षक काय करतात यात: सगळीकडे नजर असणं, आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाताना मध्ये पोकळी न ठेवणं.

पण तुमचं ते पाय आपटणं वेगळं आहे, आणि त्याबद्दलच मला जास्त बोलायचं आहे. ते नेमकं पूर्णांकांच्या गुणाकारात सुरू झालं, आणि मागच्या बाजूला. ऋण-धन चिन्हांचं राहू द्या, त्या मुलांना साधा सातचा पाढा येतो का? एक दिवस सगळ्यांना कागदाची छोटी चिठ्ठी द्या. त्यावर दहा उदाहरणं: 7 गुणिले 8, 63 भागिले 9, 502 वजा 167, अर्धा अधिक पाव, अशी. वेळ थोडा, गुण नाहीत, नावं वर्गात वाचायची नाहीत. घरी बसून तपासा. मग कागदावर वर्गाची बाकं काढा आणि ज्यांची निम्म्याहून जास्त चुकली त्यांच्या जागी लाल ठिपका द्या. ठिपके कुठे जमतात आणि आवाज कुठून येतो, हे शेजारी ठेवून पाहा.

पाढे येत नाहीत हे सातवीतलं मूल मरून जाईल पण सांगणार नाही. त्यापेक्षा त्याला उद्धट म्हटलेलं चालतं, कारण उद्धट मुलाला वर्गात मान असतो आणि ढ म्हटलेल्याला नसतो. त्याच्यासमोर परिमेय संख्या आणि बैजिक राशी चालल्या असतील तर रोजची 35 मिनिटं त्याने नेमकं करायचं काय? पाय आपटतो. तुम्ही आणि मीही तेच केलं असतं.

ठिपकेवाली मुलं एकत्र बसवू नका आणि त्यांना 'कच्चा गट' असं नावही देऊ नका, ते नाव मुलं दहावीपर्यंत विसरत नाहीत. प्रत्येक बाकावर एक अशी विखरून बसवा आणि सुरुवातीच्या मिनिटांत त्यांच्या वहीकडे आधी जा.

आणखी एक. खिचडी कोण खातं ते मधल्या सुट्टीत जाऊन पाहा. सहावी ते आठवीला पोषण आहारात माणशी 150 ग्रॅम धान्य आणि 700 कॅलरी धरलेल्या आहेत, पण सातवीतली बरीच मुलं 'ते लहान पोरांचं' म्हणून ताट हातात घेत नाहीत आणि डबाही आणत नाहीत. साडेअकराला जेवून निघालेलं पोर चारला चिडचिडं होणारच. एक-दोन दिवस तुम्ही स्वतः त्यांच्यात बसून खिचडी खा. माझ्या शाळेतल्या तरुण बाई खायला लागल्यावर रांग वाढलेली मी पाहिली आहे.

---

स्पष्ट_बोलतो

सगळं ठीक आहे, पण थोडा धाक हवाच. मी ठाण्यात क्लास घेतो. मुलांना कळलं की या बाई काहीच करणार नाहीत, की संपलं. आम्हीही मार खाल्ला आणि चार गोष्टी शिकलो. मारू नका, पण दोघांना वर्गाबाहेर उभं करा, बाकीचे आपोआप गप्प होतील. आणि एक गोष्ट मनापासून सांगतो: बोललात ते करा. 'आता बोललास तर बघ' असं म्हणायचं आणि मग काहीच करायचं नाही, याने वर्ग सगळ्यात लवकर बिघडतो.

---

गिरणगावच्या_बाई

सर, शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. म्हणूनच करता येईल तेवढंच बोलावं. 'मधल्या सुट्टीत दोन मिनिटं थांबशील' हे करता येतं, म्हणून ते बोलायचं. 'शाळेतून काढून टाकीन' हे करता येत नाही.

बाकीचं मान्य नाही. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे आणि त्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही निषिद्ध आहे. मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. शिक्षण सेवकाने तीन वर्षांच्या काळात असले सल्ले ऐकूच नयेत. पण कायदा बाजूला ठेवला तरी बाहेर कोण उभं राहतं ते पाहा. ज्याला पाढे येत नाहीत तोच. म्हणजे ज्याला गणिताची सगळ्यात जास्त गरज त्याचाच गणिताचा तास बुडाला, आणि त्याला हवंही तेच होतं.

उलट बोलणाऱ्या मुलाबद्दल बाईंनी विचारलं होतं, ते राहिलंच. सगळ्यांसमोर त्याच्याशी वाद घालायचा नाही. "काढून काय होणार" म्हटल्यावर हळू आवाजात "तास संपल्यावर सांगते, आता पहिलं उदाहरण" एवढं बोलून लगेच दुसऱ्या बाकाकडे वळायचं. त्याच्यासमोर उभं राहून वाट पाहायची नाही. तुम्ही उभ्या राहिलात की त्यालाही मागे हटता येत नाही, कारण सगळे बघत असतात. तुम्ही सरकलात की बहुतेक वेळा वही निघते. नाही निघाली तरी तास चालू राहतो. मग सुटल्यावर जिन्यात एकट्याशी बोला, आणि सुरुवात त्याच्या वागण्यापासून करू नका.

---

विक्रोळीची_आई

मी शिक्षिका नाही, पण मुलगा सातवीत आहे म्हणून लिहिते. पालकांना कधी बोलवायचं असं तुम्ही विचारलंत. आम्हाला शाळेतून फोन येतो तो फक्त तक्रारीचाच. शाळेचा नंबर दिसला की पोटात गोळा येतो. मी कुर्ल्याला पॅकिंगच्या कामाला जाते, दुपारी शाळेत यायचं तर अर्ध्या दिवसाचा पगार जातो, आणि आल्यावर मुलासमोर पाच मिनिटं ऐकून घ्यायचं. मग घरी त्याचे बाबा त्याला मारतात. म्हणजे तुम्ही पट्टी उचलली नाहीत तरी पट्टी बसतेच.

गेल्या वर्षी त्याच्या वर्गशिक्षिकेने जुलैमध्येच फोन केला होता, नकाशा छान काढला एवढंच सांगायला. नंतर ऑक्टोबरमध्ये मारामारीबद्दल फोन आला तेव्हा मी त्यांचं सगळं नीट ऐकलं. आधी एक चांगला फोन करा, बाई. आणि संध्याकाळी सातनंतर करा.

---

नवी_बाई_भांडुप

सगळ्यांचे मनापासून आभार. विक्रोळीच्या ताई, तुमचं वाचून वर्गातल्या मुलांचे घरचे नंबर काढले आणि फोन सुरू केलेत. सातनंतरच करते.

पुठ्ठे लागले. फळ्यावर आधी लिहून ठेवण्याने खरंच फरक पडला, बसता बसता निदान अर्धा वर्ग लिहायला लागतो. पंखे चालू ठेवून माझा आवाज कमी केला तरी सूचना कळतात, कारण आता सूचना फार द्याव्याच लागत नाहीत.

चिठ्ठ्याही घेतल्या. बाकांचा आराखडा काढून ठिपके दिले. पाय आपटणारी ती मागची बाजू जवळजवळ लाल झाली. सातवीपर्यंत आलेली ही मुलं हातच्याची वजाबाकी करताना अडतात, हे बघून मला रात्री झोप लागेना. पण खिडकीजवळच्या त्या मुलाच्या जागी ठिपका नाही. त्याची सगळी उत्तरं बरोबर. कच्चं काम कुठेच नाही, एक पायरी नाही, फक्त उत्तरं. आणि अर्धा अधिक पाव याच्यापुढे त्याने आकड्यात तीन छेद चार लिहिलेलंच नाही. मोठ्या वाकड्या अक्षरात एकच शब्द: 'पाऊण'.

जिन्यात त्याला थांबवून विचारलं, हे असं का लिहिलंस? म्हणाला, "गाडीवर तसंच म्हणतात." सकाळी तो स्टेशनजवळ मामाच्या भाजीच्या गाडीवर असतो, तिथून थेट शाळेत. मी सहज विचारलं, पावशेर मटार 35 ला तर पाऊण किलो किती? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत 105. मग म्हणाला, "बाई, उत्तर येतं ना. मग त्या चार ओळी कशाला?"

आता मला त्याला काय सांगायचं तेच कळत नाहीये. त्याचा प्रश्न उद्धटपणाचा नाही, खरा आहे.

---

वही_पेन

मी बी.एड.च्या विद्यार्थ्यांना गणित अध्यापन शिकवते. बाई, हे वाचून मला राहवलं नाही.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा एक अभ्यास 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. पाचच मुलं होती, पण निष्कर्ष जगभर गाजला. गिऱ्हाईक बनून नारळाचे वगैरे हिशेब विचारले तेव्हा 98 टक्के उत्तरं बरोबर. तीच गणितं नंतर कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तेव्हा 37 टक्के. तोंडी हिशेब करताना मुलं शाळेची रीत वापरतच नव्हती, स्वतःची वापरत होती. तुमच्या मुलाला कागदावरही उत्तर येतंय, म्हणजे तो त्यांच्याही पुढे आहे. अडतं ते फक्त रीत लिहून दाखवण्यापाशी.

त्याला खरं कारण सांगा. 35 आणि पाऊणला चार ओळी लागत नाहीत, हे आधी कबूल करा. मग असं उदाहरण द्या की जे डोक्यात मावणार नाही. सरळव्याजाचं, तीन वेगवेगळ्या मुदतींचं, शेवटी सगळ्याची बेरीज. चुकेल, आणि कुठे चुकलं ते त्याला सापडणार नाही. तिथे लिहिलेल्या ओळींचा उपयोग त्याचा त्याला दिसेल. परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात हेही सांगा, पण ते दुसऱ्यांदा. आणि लिहायला हात जड असेल तर सुरुवातीला त्याने बोलायचं आणि शेजाऱ्याने लिहायचं. शेजारी ठिपकेवाला असू द्या, म्हणजे पायरी कुठून आली हे याला बोलून दाखवावं लागेल आणि त्याला ऐकायला मिळेल.

आणखी एक: प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजून मगच उत्तर घ्या. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी 1970 च्या दशकात वर्गांत मोजून पाहिलं होतं, शिक्षक सरासरी एक सेकंदही थांबत नाहीत. तीन सेकंद थांबलं की एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागतात. तुमच्याकडे एक मुलगा झटकन उत्तर देतो, म्हणून बाकीचे विचारच करत नसतील.

---

गिरणगावच्या_बाई

वही_पेन यांचं सगळं करा. मी फक्त उरलेलं सांगते.

त्या मुलाच्या घरी शाळेच्या नंबरवरून फोन नको. गाडी कुठे लागते ते माहीत आहेच, तर एखाद्या सकाळी भाजी घ्यायला जा आणि मामाला त्याच्यासमोर एवढंच सांगा की याचा हिशेब वर्गात पहिला आहे. वही, उलट बोलणं, यातलं काही तिथे काढू नका. मात्र तो दुपारी जेवून येतो का, ते मामाकडून नक्की काढून घ्या.

आणि या एकाच्या नादात ती लाल ठिपक्यांची बाजू मागे पडू देऊ नका, बाई, खरं काम तिथे आहे. रोज एकच पाढा घ्या, तुम्ही दारात उभ्या असता तेव्हाच. आत जाताना प्रत्येकाला त्याच पाढ्यातला एक प्रश्न, हळू आवाजात, दुसऱ्याला ऐकू न जाईल असा. चुकला तर उत्तर तुम्हीच सांगा आणि आत सोडा. सातपासून सुरू करा, पाचपर्यंतचे बहुतेकांना येतात. आधी दोन-चार मुलांवर करून वेळ बघा, 58 जणांना दारात जास्त वेळ लागला तर एक दिवस मुली, एक दिवस मुलगे असं करा. सहामाहीच्या आधी तीच चिठ्ठी पुन्हा घ्या आणि ठिपके किती उरले ते इथे लिहा.